आप्पांनी कापलेली खाच

"बसवलं बघ," आप्पा म्हणाले. "आता चालू कर."

गुरुवारची दुपार होती. मी क्लासवरून येऊन अजून चपलाही काढल्या नव्हत्या. आप्पा धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते, पाहुणे येणार असल्यासारखे. समोर स्टुलावर माझा लॅपटॉप, मिटलेला. शेजारी वर्तमानपत्राचा कागद, त्यावर बारीक कानस, माप घ्यायचा व्हर्निअर आणि चिमूटभर सोनेरी भुकटी.

आप्पांची ओळख आधी करून दिली पाहिजे. माझे वडील, भूपाल चौगुले, इचलकरंजीतले जॉबर. जॉबर म्हणजे यंत्रमागाचा डॉक्टरच म्हणा. माग बंद पडला की त्याला बोलवायचं. नव्या माणसाला वाटतं पार्ट दुकानातून आणायचा आणि लावायचा. तसं नसतं. आमच्याकडचे माग दहा गावचे दहा, कुणाचा दांडा कुणाला, कुणाचं चाक कुणाला. जॉबर पार्ट हातात घेतो, डोळ्यांपुढे धरतो, कानस काढतो आणि बसवतो. आप्पांनी चाळीस वर्षं हेच केलं. बसत नाही असं काही नसतं, हे त्यांचं ठरलेलं बोलणं. आईच्या कुकरला कुणा भलत्याच कुकरचं हँडल बसवलेलं होतं आणि ते मूळच्यापेक्षा घट्ट होतं.

पण त्या वर्षी गावात धोट्याशिवाय चालणारे परदेशी माग यायला लागले होते. त्यांची दुरुस्ती करायला कोटातली माणसं यायची, लॅपटॉप घेऊन. आप्पांना आठवड्यातून एखादं बोलावणं यायचं. बाकीचे दिवस ते घरातल्या धडधाकट वस्तूंकडे संशयाने बघत बसायचे.

मी होते तेवीस वर्षांची, टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेली, आणि एका क्लासमध्ये शाळकरी पोरांना संगणक शिकवून कंटाळलेली. शहापूरकडे नव्याने उभा राहिलेल्या कारखान्यात डिझायनरची एक जागा होती. गावात राहून साड्यांचे पदर काढायचं काम! मला ती नोकरी इतकी हवी होती की देवळात गेले तरी दुसरं काही सुचत नव्हतं. अट एकच: शनिवारी अकरा वाजता स्वतःचा लॅपटॉप घेऊन यायचं, स्वतःचा पदर उघडून दाखवायचा आणि ताराचंदशेठ सांगतील ते बदल त्यांच्यासमोर करायचे.

पदर माझा तयार होता. आंब्याच्या कोयऱ्या आणि मध्ये मोर. लॅपटॉप मात्र त्या मोराला उचलत नव्हता. दुसऱ्याने वापरून सोडलेला तो लॅपटॉप, मेमरी दोन जीबी. फाइल उघडली की मोराची मान दिसायची आणि पुढे सगळं ठप्प. शेठसमोर असं झालं असतं तर माझी शोभाच झाली असती. मेमरी वाढवणं भागच होतं.

माझी मैत्रीण रोहिणी म्हणाली, आमचा जुना लॅपटॉप मेलाय, त्यातली मेमरीची पट्टी काढून ने. मी नेली. आता इथे माझं शहाणपण ऐका. डिप्लोमावाली मी, संगणक शिकवणारी मी, पण त्या पट्टीवर चिकटवलेली पाटी काही वाचली नाही. माझी पट्टी आणि तिची पट्टी शेजारी ठेवल्या, दोन्ही सारख्याच लांब, मग मेमरी म्हणजे मेमरी, असं धरून चालले. बुधवारी संध्याकाळी लॅपटॉपचं झाकण उघडलं. आत दोन कप्पे, एकात जुनी पट्टी, दुसरा रिकामा. रिकाम्यात नवी घालायला गेले तर जाईना. पट्टीच्या कडेला एक खाच असते, ती कप्प्यातल्या दाताशी जुळावी लागते. इथे खाच करंगळीच्या नखाएवढी सरकलेली होती.

आप्पा शेजारीच बसून बघत होते. त्यांनी पट्टी हातात घेतली, डोळ्यांपुढे धरली.

मी म्हणाले, राहू दे आप्पा, बसत नाही, उद्या दुसरी बघते. आणि झोपायला गेले. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी बसत नाही म्हटलेलं चाललं नाही, त्याच्यापुढे कानशीच्या पेटीसकट ती पट्टी ठेवून मी झोपायला गेले. त्यात माझा वाटा किती, हे मला पुढे कैक दिवस कळलं नाही.

तर गुरुवारी दुपारी त्यांनी "चालू कर" म्हटलं आणि मी बटण दाबलं. पंखा एकदा फिरला. आतून टक् असा आवाज झाला, जळका वास आला आणि पडदा काळा तो काळाच राहिला.

आप्पा म्हणाले, पुन्हा दाब. मी दाबलं. काही नाही.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. झाकण उघडून ती पट्टी काढली. जुनी खाच तशीच होती आणि बरोब्बर दाताच्या जागी आप्पांनी दुसरी कापली होती, सोनेरी टोकं कापून. कापली तीही अशी, की यंत्राने कापल्यासारखी. मी लॅपटॉप पिशवीत टाकला. आप्पांनी गाडीची किल्ली घेतली.

मुश्ताक बागवान यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान मुख्य रस्त्यावर, वरच्या मजल्यावर. माणूस हुशार, हात देवाचा, पण तोंड सुटलेलं. आम्ही गेलो तेव्हा काउंटरला एक गृहस्थ प्रिंटर घेऊन उभे होते. शर्टाच्या खिशाला शहापूरच्या त्याच कारखान्याचं ओळखपत्र. नाव वाचलं. दातार, मॅनेजर. मुलाखतीच्या पत्रावर ज्यांची सही होती तेच. शनिवारी शेठच्या शेजारी हेच बसणार होते.

मुश्ताकभाईंनी लॅपटॉप उघडला, पट्टी हातात घेतली, दिव्याखाली धरली आणि हसत सुटले. दुकानातल्या दोघांना त्यांनी हाका मारल्या. पट्टी हातोहात फिरली. पंधरा वर्षांत असलं बघितलं नाही म्हणाले. दातारांच्या हातात पट्टी गेली तेव्हा तेही पोट धरून हसले.

"कुणी केलं हो हे?" दातारांनी मला विचारलं.

आप्पा माझ्या मागे उभे होते. मला न बघताही कळलं की ते अर्धं पाऊल पुढे आले आणि बोलायला तोंड उघडलं. लपवायचं त्यांना माहीतच नव्हतं. केलं तर केलं म्हणायचं, चुकलं तर चुकलं म्हणायचं, अशी त्यांची रीत.

त्यांच्या आधी मी बोलले.

"आमच्या बोळात एक जॉबर आहे," मी म्हणाले. "त्यानं केलंय. त्याला कुणी सांगितलं नव्हतं."

"जॉबर काय," दातार म्हणाले, "कानस हातात आली की समोर काय आहे ते बघत नाहीत. उद्या टीव्हीला कानस मारतील."

सगळे हसले. मीही हसले. थोडंसं, तोंडदेखलं, पण हसले.

मुश्ताकभाईंचं लक्ष मग मागे गेलं. "काका, तुमचं काय काम?"

"काय न्हाई," आप्पा म्हणाले. "बघाय आलोय."

आणि ते दाराबाहेर जाऊन जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

दातार गेल्यावर मुश्ताकभाईंनी मला नीट समजावून सांगितलं. मेमरीच्या पिढ्या असतात. तुझ्या लॅपटॉपला तिसरी पिढी लागते, ही दुसरी. खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवतात, चुकीची बसू नये म्हणून. खालचा कप्पा गेला, वरचा शाबूत आहे. तेव्हा आता दोन पट्ट्या विसर, वरच्या कप्प्यात एकच चार जीबीची घाल. आणि एवढ्यावर भागत नाही. तुझा लॅपटॉप कमी विजेवर चालणारी पट्टी मागतो, पाटीवर आकड्याच्या पुढे इंग्रजी एल असतो ती. एल नसलेली खाचेत बसेल, टक्कन बसेल, पण चालेल याचा भरवसा नाही. बसणं वेगळं, चालणं वेगळं. ती माझ्याकडे नाही, सोमवारी येईल.

"शनिवारी लागणार आहे," मी म्हणाले.

त्यांनी खांदे उडवले. जुनी पट्टी वरच्या कप्प्यात घालून लॅपटॉप तेवढा सुरू करून दिला. मोराची मान दिसली आणि सगळं ठप्प. काल होते तिथेच आज.

खाली आले तर गाडी होती, किल्ली गाडीलाच होती, आप्पा नव्हते. ते चालत घरी गेले होते. मी पोहोचले तेव्हा दिवेलागणीच्या आतलं जेवण उरकून ते हात पुसत होते. आम्ही जैन, त्यातून आप्पा व्रताचे पक्के. सूर्य बुडाल्यावर पाण्याशिवाय काही नाही. तापातसुद्धा त्यांनी ते मोडलं नव्हतं. मला वाटलं बोलतील. त्यांनी फक्त लॅपटॉपमधली जुनी पट्टी बघायला मागितली. मी काढून दिली. खरं सांगते, देताना माझ्या मनात आलं, आता हिला तरी कानस लावू नका. बोलले नाही एवढंच.

शुक्रवारी सकाळी उठले तेव्हा आप्पा घरात नव्हते. जुनी पट्टी स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्या उशाशी ठेवलेली होती. आईला विचारलं तर म्हणाली, पहिल्या एसटीने कोल्हापूरला गेलेत, व्हर्निअर घेऊन. का, ते सांगितलं नाही.

त्या दिवशी मी क्लासला गेलेच नाही. मोर लहान करून बघितला, कोयऱ्या काढून टाकून बघितल्या. मोर गेला तर पदरात उरतंय काय? दुपारी रडूनही झालं. जीव टांगणीला लागला होता आणि त्यात मधूनच कालचं ते हसू आठवायचं, माझं स्वतःचं.

आप्पा आले तेव्हा दिवे लागून गेले होते. आईने ताट वाढायचं विचारलं, मग तिचं तिलाच आठवलं. आप्पा म्हणाले, पाणी दे. पाणी प्यायले आणि माझ्यासमोर एक सीलबंद पाकीट आणि वहीचा एक कागद ठेवला.

कागदावर माझ्या जुन्या पट्टीची पाटी होती, अक्षरन् अक्षर. आप्पा मराठी सातवी शिकलेले, इंग्रजी येत नव्हतं. पण मागांवरच्या लोखंडी पाट्या ते जन्मभर उतरवत आले होते, अक्षर वाचून नव्हे, आकार बघून. इंग्रजी अक्षरं, आकडे, मधली तिरकी रेघ, कोपऱ्यातला छापाचा शिक्कासुद्धा काढलेला. जिथे एल होता त्याभोवती गोल. खाली पट्टीचं चित्र आणि टोकापासून खाचेपर्यंतचं माप, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. त्याखाली कोल्हापुरातल्या अकरा दुकानांची नावं. दहांपुढे फुली, अकराव्यापुढे बरोबरची खूण. एका फुलीपुढे त्यांनी लिहिलं होतं: माप बरोबर, एक अक्षर कमी. चालतं म्हणाला. घेतली नाही.

म्हणजे मुश्ताकभाई मला सांगत होते तेव्हा जिन्याच्या तोंडाशी उभं राहून आप्पांनी सगळं ऐकलं होतं. सगळंच.

मी पाकीट फोडलं, पाटी वाचली. एल होता. पट्टी त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, आप्पा, तुम्हीच बसवा.

"तू बसव," ते म्हणाले. "मी हात लावत न्हाई."

आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. रागाने नाही. मला राग समजला असता. देवळात सोवळ्यातल्या वस्तूला धक्का लागू नये म्हणून हात मागे घेतात, तसे घेतले. त्या हातांनी मला सायकल जोडून दिली होती, माझ्या दप्तराचा बंद शिवून दिला होता. मला तेव्हाच त्यांच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. पट्टी तिरकी धरली, खाच दातावर आणली, दाबली.

"आवाज आला का?" आप्पांनी लांबूनच विचारलं.

"आला."

"मग बसलं. आता चालतंय का बघ."

चाललं. मोर मानेपासून पिसाऱ्यापर्यंत उलगडला. आप्पा वाकून बघत राहिले आणि म्हणाले, पिसाऱ्याच्या टोकाला धागा फार लांब मोकळा सुटलाय, बाईच्या बांगडीत अडकेल, तिथे दोन टाके टाक. मी पडद्यावरच दोन ठिकाणी तो धागा बांधून घेतला. मग ते उपाशीच झोपायला गेले.

शनिवारी त्यांनीच मला गाडीवरून कारखान्यात सोडलं आणि फाटकासमोरच्या झाडाखाली थांबले. आत ताराचंदशेठ, शेजारी दातार. दातारांनी मला ओळखलं, हसून शेठना कानस मारलेल्या पट्टीची गोष्ट सांगितली. शेठही हसले. मग पदर उघडला. शेठ सांगतील तसे रंग बदलले, मोर उलटा केला, लॅपटॉप एकदाही अडला नाही. शेठ जुने कापडवाले. त्यांनी पिसाऱ्याच्या टोकावर बोट ठेवलं.

"इथे टाके का टाकलेस? कॉलेजात हे शिकवत नाहीत."

"माझ्या वडिलांनी सांगितलं," मी म्हणाले. "ते जॉबर आहेत. दातार साहेबांनी सांगितलेली ती पट्टी त्यांनीच कापली. बोळातला कुणी नाही. मी परवा खोटं बोलले."

दातार खाली बघायला लागले. शेठ म्हणाले, सोमवारपासून ये.

बाहेर आले. आप्पांनी गाडीला किक मारता मारता एवढंच विचारलं, "चाललं का?"

मी म्हटलं, "चाललं."

आत काय बोलले ते सांगायचं जिभेवर आलं होतं. गाडीच्या आवाजात ते राहिलं, घरी गेल्यावर पेढ्यांत राहिलं, आणि मग राहूनच गेलं. दुकानात मी बोलले ते त्यांच्या कानांवर पडलं होतं. कारखान्यात बोलले ते भिंतींनी ऐकलं. मी मात्र माफी मागितल्यासारखी मोकळी होऊन बसले. त्यानंतर आप्पांनी माझ्या कुठल्याही वस्तूला आधी विचारल्याशिवाय हात लावला नाही. पंख्याचं बटण असो, छत्रीची काडी असो, "बघू का?" असं विचारायचे. दर वेळी ते माझ्या काळजात घुसायचं.

याला अकरा वर्षं झाली. आता डिझाइनचा विभाग माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात आम्ही पुस्तकाएवढे छोटे सहा संगणक घेतले आणि त्यांची मेमरी वाढवायला एक तंत्रज्ञ आला. त्याच दिवशी मी चष्मा घरी विसरले होते आणि तो द्यायला आप्पा आले होते. अठ्ठ्याहत्तरीचे आप्पा, दाराजवळच्या खुर्चीत बसून बाहेरच्या मागांचा आवाज ऐकत होते. तंत्रज्ञाला पेचकस हवा होता. मी म्हटलं ड्रॉवरमध्ये बघ. त्याच्या हाताला ती पट्टी लागली, एवढी वर्षं मी जपून ठेवलेली.

त्याने ती उजेडात धरली. टेबलावर धागे मोजायचं भिंग होतं, ते लावून बघितली. खोलीतल्या चारही मुली माना वर करून बघायला लागल्या.

"मॅडम, हे कुणी केलं?"

मी तोंड उघडायच्या आत दाराजवळून आवाज आला.

"आमच्या बोळात एक जॉबर हाय," आप्पा म्हणाले. "त्यानं केलंय. त्याला कुणी सांगितलं नव्हतं."

शब्दन् शब्द तोच. चेहऱ्यावर ना राग, ना टोमणा. माझ्या हाताखालच्या माणसांसमोर माझं हसं होऊ नये म्हणून माझंच वाक्य त्यांनी अकरा वर्षं सांभाळून ठेवलं होतं आणि आता मला काढून दिलं होतं.

मी उठले. त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले.

"तो जॉबर म्हणजे हे," मी म्हणाले. "माझे वडील. भूपाल चौगुले. त्या दिवशी ते माझ्या मागे उभे होते आणि मी त्यांना ओळख दिली नाही. ही पट्टी पहिल्यांदा बसत नव्हती ती माझ्या चुकीने. तिच्यावरची पाटी मी वाचली नव्हती."

तंत्रज्ञाने पुन्हा एकदा भिंगातून बघितलं आणि हळूच म्हणाला, काय सरळ कापलंय.

आप्पांनी माझा हात धरून मला बाजूला सारलं, उठले आणि संगणकापाशी गेले. वाकून बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाले, "बघू का?"

मी म्हटलं, "विचारता काय आप्पा, घ्या हातात."

त्यांनी नवी पट्टी हातात घेतली, डोळ्यांपुढे धरली आणि तंत्रज्ञाला म्हणाले, आधी पाटी वाच, सगळी अक्षरं हाईत का बघ, मग मी बसवतो.